परबतात्यांचे अकरा शेठ

परबतात्यांच्या वर्गात ‘नोकरी’ म्हणायची सोय नव्हती. जो म्हणेल त्यानं अख्खी शेड झाडायची. पहिल्याच दिवशी भाषणात माझ्या तोंडून तो शब्द तीनदा गेला आणि अंधेरीच्या कॉलेजातला हा प्राध्यापक बाह्या सरसावून झाडू मारू लागला. “कोपऱ्यातला कोण काढतलो, प्रोफेसर?” तात्या वर आणि ओरडत होते.

तात्या राहायला वाकोल्याला, मूळ मालवणचे. गिरणीत फिटर होते. संपात गिरणी गेली आणि नोकरीचं नाव काढलं तरी त्यांचं डोकं फिरायचं. बायको वारलेली, मूलबाळ नाही. साकीनाक्याच्या आमच्या उद्योजक वर्गाचं खूळ मात्र तिघांचं. कॉलेजनं मला धाडलं, सहकारी सोसायटीनं शेड आणि लोखंड कातायचं जुनं यंत्र, म्हणजे लेथ, दिलं, शेजारच्या कारखानदारानं पोरं तयार झाली की बोल्टांचं पहिलं काम द्यायचं कबूल केलं. तात्या लेथ शिकवायचे, मी पत्रव्यवहार. बेकार पोरं अकरा; तात्या त्यांना शेठ म्हणत. “ओ शेठ, बोट गेला तर अंगठी खय घालशात?”

त्यांत मुलगी एकच, मानखुर्दची सुनंदा कांबळे. तिनं केलेला बोल्ट खिशात घालून तात्या वाकोलाभर दाखवत फिरायचे. “शेठाणीचो माल!”

वर्ग संपला तेव्हा शेजारच्या कारखान्याचे मालक काम बघायला आले. पोरांच्या स्वतःच्या सोसायटीचे कागद मी लिहून तयार ठेवले होते. मालक बोल्ट बघून खूश झाले. “झकास! ऑर्डर कशाला? पोरंच द्या की मला.”

सोमवारी दहा पोरं त्यांच्याकडे कामाला लागली. कॉलेज खूश, सोसायटी खूश. ‘योजना यशस्वी’ असा अहवाल कोणी लिहिला? मीच. लाज वाटते सांगायला.

सुनंदाला तेवढं घेतलं नाही. मशीनवर बाई नको म्हणे.

 आठवड्यानं एका दुपारी तात्या मला घेऊन कारखान्यात गेले. सुनंदा फाटकाशी थांबली. गिरणीत साहेबांशी भांडून जन्म काढलेल्या त्या माणसानं मालकापुढे हात जोडले. “साहेब, दहा जणांपेक्षा तिचो हात बरो. मशीनवर नको तर पॅकिंगला घेवा, पण घेवा.”

मालकांनी नकाराची मान हलवली आणि फोन उचलला.

बाहेर सुनंदा धावत आली. “काय म्हणाले, तात्या?”

“बघूया म्हणतत.”

“मग तोवर उद्या शेडवर येऊ? सवय मोडेल नाहीतर.”

“ये गो. सात वाजता ये.”

शेडची किल्ली तात्यांनी सकाळीच सोसायटीला परत केली होती. देताना मी शेजारीच उभा होतो.