इमारतीचा उपवास

“सामान बांधून ठेवा, काकू. फोन आला की निघायचं, एवढंच.”

वसुंधराप्रिया डेव्हलपर्सच्या पुष्करने हे सांगितलं, त्याला आता तीन वर्षं होऊन गेली होती. हेमाताई सांगितलेलं मोडणाऱ्यांतल्या नव्हेत. त्यांनी सामान बांधलं. मग आमटीला पळी लागली म्हणून एक खोकं सोडलं, पाहुणे आले म्हणून दुसरं; पाहुणे गेल्यावर पुन्हा बांधलं. कसबा पेठेतल्या त्या भाड्याच्या तिसऱ्या मजल्यावर दीनानाथराव खोक्यांच्या आडून पेपर वाचत. गुडघ्यांनी असहकार पुकारल्यापासून ते जिना उतरले नव्हते. केस कापायलाही माणूस वर यायचा.

“न्हावी घरी येतो तो संस्थानिकाकडे, नाहीतर सुतकात,” ते म्हणत. “आपण कुठल्या खात्यात?”

“संक्रांतीच्या आत तुम्हाला खाली नेईन,” हेमाताईंनी देवासमोर बसून शब्द दिला होता. धायरीच्या ‘निर्मलछाया’ या नव्या इमारतीत लिफ्ट होती. खरं तर त्यांनी लिफ्टच घेतली होती. सोबत दोन खोल्या आल्या.

इमारत उभी राहिली, रंग झाला, भोगवटा प्रमाणपत्रही मिळालं. किल्ली तेवढी मिळेना. शेवटी हेमाताईंनी स्वारगेटहून बस पकडली आणि धायरीचं ऑफिस गाठलं. तिथे पुष्करच्या खुर्चीत मैत्री नावाची हसतमुख मुलगी होती. पद, हवामान बांधिलकी प्रमुख.

“काकू, ॲक्च्युअली हा प्रॉब्लेम नाहीये, अचीव्हमेंट आहे,” ती म्हणाली. “कंपनीने नेट झिरोचा शब्द दिलाय, अख्ख्या जगाला. सिमेंट, लोखंड, वाळूचे ट्रक ह्या सगळ्यांचा कार्बन कंत्राटदाराच्या नावावर टाकला. पण रहिवासी आमच्या नावावर लागतात हो! तुमचा गॅस, तुमचा गीझर, तुमची फोडणी.”

“फोडणी?”

“आत्ता निर्मलछायेचं उत्सर्जन शून्य आहे. तुम्ही राहायला आलात, की बिघडलं.”

हेमाताईंचा आवाज देवघरात जेवढा, तेवढाच ऑफिसात. “म्हणजे व्रत तुम्ही घेतलंत आणि उपाशी आम्ही?”

“किती ब्यूटिफुल! काकू, हे ब्रोशरमध्ये घेऊ?”

“व्रताला उद्यापन असतं, बाळा. तुमचं कधी?”

“दोन हजार सत्तर.”

हेमाताईंनी मनातल्या मनात दीनानाथरावांचं वय मोजायला घेतलं आणि मध्येच सोडून दिलं.

पुढच्याच महिन्यात निर्मलछायेला ‘निःश्वास वसाहत’ पुरस्कार मिळाला. समारंभ आवारातच, वातानुकूलित मांडवात झाला. जनरेटरच्या धुरामुळे मागच्या रांगांना सत्कारमूर्ती दिसले नाहीत, पण भाषण ऐकू आलं. त्यासाठी मालक रणजितराव खास सिंगापूरहून विमानाने आले होते. “घर कुणीही बांधतो,” ते गहिवरून म्हणाले. “ते न वापरणं ही तपश्चर्या आहे!” फ्लॅटधारकांनी उभं राहून टाळ्या वाजवल्या.

मैत्री मनाने वाईट नव्हती. तिने हेमाताईंचं प्रकरण अपवाद म्हणून कंपनीच्या समितीपुढे ठेवलं आणि त्यांनाही बोलावून घेतलं.

“स्वयंपाक?” समितीने विचारलं.

“सोमवार, गुरुवार, चतुर्थी, एकादशी सोडून,” हेमाताई म्हणाल्या.

समिती सरसावून बसली. “वाहन?”

“पायी. फार तर बस.”

“आणि मिस्टर?”

“ते घराबाहेरच पडत नाहीत. जिना उतरवत नाही त्यांना.”

समितीत आदराची कुजबुज झाली. दोन दिवसांनी निर्णय आला. सदर दांपत्याचे उत्सर्जन नगण्य असून त्याचे संपूर्ण श्रेय विद्यमान जिन्यास जाते. लिफ्ट उपलब्ध झाल्यास श्री. दीनानाथ खाली उतरतील; उतरल्यास रिक्षा करतील; रिक्षा केल्यास कोठेही जातील. सबब त्यांनी आहे तेथेच राहावे. आदर्श हरित दांपत्य म्हणून त्यांचे छायाचित्र घेण्यात येईल.

“वा,” दीनानाथराव म्हणाले. “गुडघ्यांचा सत्कार वेगळा आहे की त्यातच उरकणार, विचारलंस का?”

छायाचित्रकार येऊन गेला. हेमाताईंनी तरी आशा सोडली नाही. फ्लॅटधारकांच्या सभेत त्या उभ्या राहिल्या. “आपण सगळे मिळून किल्ल्या मागू या. सगळ्यांना नाही म्हणणं त्यांना जड जाईल.”

अध्यक्ष तात्याराव दचकलेच. “अहो ताई, हळू! पुरस्कारानंतर भाव कुठल्या कुठे गेलाय. राहून कशाला घर वापरलेलं करायचं?”

“पण घर राहायलाच—”

“तुम्हाला राहायचंय?” मागून कुणीतरी खऱ्याखुऱ्या कुतूहलाने विचारलं. हेमाताई सोडल्या तर सभेतल्या प्रत्येकाला राहायला स्वतःचं दुसरं घर होतं. पृथ्वीविषयी काळजी व्यक्त करणारा ठराव एकमताने संमत झाला आणि बटाटेवडे आले.

दुसऱ्या दिवशी भोगी होती. त्या सकाळी तो फोटो तुम्हालाही आला असेल. जिन्याच्या तोंडाशी खुर्चीत बसलेले आजोबा, शेजारी आजी, खाली ‘यांच्याकडून शिका’. तुम्ही गाडीचा एसी लावून सिग्नलला थांबला होतात, त्यामुळे नीट पाहता आला नसेल. तरी हात जोडून पुढे पाठवलात. आभारी आहोत.

हेमाताईंनी तो पाहिला नाही. त्या स्वयंपाकघरातलं स्टूल उचलून दाराबाहेर पडल्या होत्या.

“कुठे निघालीस?”

“खाली. तुम्हीही चला.”

“का, लिफ्ट आली?”

“नाही. मी आहे.”

जिन्याच्या पहिल्या वळणावर त्यांनी स्टूल टेकवलं, हलत नाही ना ते पाहिलं, आणि पदर खोचून दीनानाथरावांना आणायला पुन्हा वर आल्या.