खरातकाकांचा उजवा पडदा

दिवाळीच्या पाडव्याला संध्याकाळी, जालन्यातल्या आमच्या घरी, मी, माझी बायको सुनीता आणि मागच्या गल्लीतले खरातकाका अशा तिघांच्या समक्ष एक जुना बावीस इंची मॉनिटर अठराशे रुपयांना ठरला. विकणारे काका, घेणारा मी. अट काकांनीच घातली, "चित्र दिसल्याबिगर एक रुपया घेणार न्हाई." मला ही अट फार आवडली. चित्र दिसायला किती दिवस लागतील हा विचार मी केला नाही. काकांना इतकी वर्षं ओळखत असून केला नाही, हे विशेष.

काकांचा स्वभाव एका वाक्यात मावतो आणि ते वाक्य त्यांचंच आहे: "एका टायमाला एकच गोष्ट बदलायची." त्यांची सगळी नोकरी टेलिफोनच्या लाइनी तपासण्यात झाली. तिथे हे बरोबरच होतं. दोन गोष्टी एकदम बदलल्या आणि फोन वाजला, तर बिघाड कशात होता ते कळत नाही. पुढे काका निवृत्त झाले, वाक्य मात्र झालं नाही.

एकदा त्यांचा गुडघा आणि कंबर बरोबरच धरली. डॉक्टरांनी दोन्हीसाठी गोळ्या दिल्या. काकांनी गुडघ्याची गोळी चालू केली आणि कंबरेला थांबायला सांगितलं. गुडघा बरा होईपर्यंत ते गल्लीतून काटकोनात वाकून फिरत होते. कुणी विचारलं की म्हणत, "कंबरेचा नंबर आला न्हाई अजून."

स्कूटर बंद पडली तेव्हा आधी प्लग बदलला. मग वायर. मग कार्बोरेटर उघडलं. मधल्या काळात बाजारात पायी जात होते. शेवटी टाकीत पेट्रोल नाही असं निघालं. मी म्हटलं, "काका, हे आधी नाही का बघायचं?" ते शांतपणे म्हणाले, "पेट्रोलचा नंबर चौथा होता."

माझ्या लॅपटॉपवर लिनक्स त्यांनीच बसवलं. "फुकट आहे, पण चोरीचं न्हाई," असं ते म्हणाले. हिशेबाच्या माणसाला या दोन गोष्टी एकत्र क्वचितच मिळतात, म्हणून मी लगेच हो म्हटलं. मी एका कारखान्यात हिशेब बघतो. रात्री घरी आणलेला तक्ता लॅपटॉपच्या छोट्या पडद्यावर मावत नाही, आकडे मुंग्यांसारखे दिसतात, चष्म्याचा नंबर वाढत चाललेला. म्हणून मोठा पडदा हवा होता.

मॉनिटर चांगल्या स्थितीत होता. चौकटीच्या खालच्या कोपऱ्यात एक मरून रंगाची टिकली चिकटलेली होती. सुनीता ती नखाने काढायला गेली तर काका केवढ्याने तरी ओरडले, "ऱ्हाऊ द्या, ताई! एका टायमाला एकच!" टिकलीचा सिग्नलशी काय संबंध, हे आम्ही विचारलं नाही. काकांच्या पद्धतीत तीही एखाद्या नंबरावर असेल असं वाटलं.

केबल लावली. मॉनिटरचा बारका दिवा निळा झाला. पडदा काळाच.

"बंद करून चालू करू का?" मी विचारलं.

"बिलकुल न्हाई. दुखणं कळायच्या आत पेशंट झोपवायचा का?"

काकांनी लॅपटॉपवर काळी खिडकी उघडून हुकूम लिहिला आणि मशीनचं उत्तर वाचून दाखवलं: मॉनिटर जोडलेला आहे, चालू आहे, आकार बरोबर आहे. मग ते पडद्याकडे न बघता मला म्हणाले, "मशीन म्हणून राह्यलं, चित्र आहे. तुम्ही म्हणता न्हाई."

"काका, तुम्हीच बघा की. दिसतंय का काही?"

"मशीन खोटं बोलत न्हाई."

"मग काय माझे डोळे खोटे?"

"डोळ्यांचा नंबर नंतर," काका म्हणाले.

दुसऱ्या दिवशी केबल बदलली. तिसऱ्या दिवशी टेबलाची जागा. मग त्यांना शंका आली की घरातलं दुसरं एखादं यंत्र लाइनमध्ये गडबड करतंय. त्यासाठी एक दिवस मिक्सर बंद ठेवला आणि सुनीताने चटणी पाट्यावर वाटली. एक दिवस फ्रीज बंद ठेवला आणि दूध नासलं. सुनीताने त्याचं पनीर करून काकांसमोर ठेवलं आणि म्हणाली, "काका, उद्या कुणाचा नंबर? माझा का?"

"न्हाई ताई. माणसं शेवटी बदलायची." पनीरचा आणखी एक तुकडा उचलून ते म्हणाले, "बदलता येतच न्हाईत तशी."

एक गोष्ट मात्र मला खटकत होती. काका केबल बघत, दिवा बघत, लॅपटॉप बघत, पण मॉनिटरच्या पडद्याकडे सरळ बघत नसत. "दिसलं का?" असं दर वेळी मलाच विचारत. आणि मी "नाही" म्हटलं की त्यांच्या चेहऱ्यावर निराशा असायची की सुटका, ते मला ओळखता येत नसे.

आठवडाभरात पनीर दोनदा झालं. शेवटी एका संध्याकाळी काका व्हरांड्यात घराचं मेन बोर्ड उघडून उभे होते. मी लॅपटॉपवर तक्ता भरत होतो. सुनीता फडक्याने मॉनिटर पुसत होती.

"अहो, मुंगी आहे बघा पडद्यावर."

"पुस मग."

"पुसली. जात नाही." ती आणखी जोरात घासायला लागली. "आता पळाली. कुठं गेली? अहो, तुम्ही माऊस हलवला की परत येतेय ही!"

मी चष्मा लावून जवळ गेलो. ती मुंगी नव्हती. तो माऊसचा बाण होता, काळा, बारक्या पांढऱ्या कडेचा. मॉनिटर पहिल्या दिवसापासून चालू होता. तो लॅपटॉपच्या उजवीकडे जोडलेलं वाढीव अंगण झाला होता आणि त्यावर माझ्या लॅपटॉपची पार्श्वभूमी दिसत होती. ती पार्श्वभूमी मीच कोरी काळी लावलेली होती. वीज कमी लागते अशी माझी समजूत.

मी तक्त्याची खिडकी माऊसने धरून उजवीकडे ओढली. लॅपटॉपच्या कडेवरून ती सरकत मॉनिटरवर गेली आणि सगळे रकाने, पहिल्यापासून शेवटपर्यंत, एका नजरेत दिसले. "काका, आलं चित्र!" मी ओरडलो.

काका हातात टेस्टर घेऊन दारात आले. त्या दिवशी पहिल्यांदा त्यांनी पडद्याकडे नीट बघितलं.

"म्हणजे पहिल्या दिवसापासून दिसूनच राह्यल्तं," ते म्हणाले. "काळं होतं, एवढंच."

"पण काका, खिडकी उजवीकडे सरकवून बघायची, एवढंच तर होतं. त्याचा नंबर कितवा होता?"

"शेवटचा," काका म्हणाले. चहा न घेता, पैसे न घेता गेले. टेस्टर आमच्याकडेच राहिला.

दुसऱ्या दिवशी सकाळी अठराशे रुपये आणि टेस्टर घेऊन मी त्यांच्याकडे गेलो. दार उघडंच होतं. काका टेबलाशी लॅपटॉपवर पेपर वाचत होते. टेबलाजवळ दोन खुर्च्या. उजव्या खुर्चीसमोर टेबलावर धुळीत एक स्वच्छ चौकोन होता, मॉनिटरच्या पायाएवढा.

"बसा साहेब. एवढी बातमी झाली की च्या टाकतो."

बातमी वाचून झाल्यावर त्यांनी पेपरची खिडकी धरली आणि उजवीकडे ढकलली. खिडकी लॅपटॉपच्या कडेला गेली, अर्धी झाली, मग नाहीशी झाली. काका स्वस्थ बसून राहिले. आठवडाभरात माझं शिक्षण झालं होतं, त्यामुळे मला कळलं. त्यांच्या लॅपटॉपला अजून वाटत होतं की उजवीकडे मॉनिटर आहे.

"काका, तुमचं सेटिंग जुनंच राहिलंय. मॉनिटर तर आमच्याकडे आहे. बंद करून देऊ का मी?"

"नको."

काका उजव्या खुर्चीकडे बघून म्हणाले, "बाई तिथं बसायच्या."

बाई म्हणजे त्यांची बायको. तीर्थपुरीच्या शाळेत शिकवायच्या. सगळं गाव त्यांना बाई म्हणायचं, म्हणून काकाही बाईच म्हणत. त्यांना जाऊन दोन वर्षं होत आली.

"माझं वाचून झालं की मी पेपर इकडून ढकलायचा, त्यांनी तिकडं वाचायचा. मंग चुका काढायच्या लाल पेनानं, कागदावर. पेपरच्या!" काका जरा हसले. "त्यांचं झालं की 'घ्या' म्हणायच्या. मंग मी वढून घ्यायचो."

"मग मॉनिटर विकला कशाला?"

"बंद ठेवला तर त्याच्यात माझंच तोंड दिसायचं, साहेब. ते काय बघायचं?"

थोड्या वेळाने त्यांनी माऊस उजवीकडे नेला आणि कुठून तरी पेपर परत ओढून आणला. खिडकी उजवीकडे सरकवायचा नंबर आमच्या घरी शेवटचा का होता, ते मी विचारलं नाही.

मी पैसे पुढे केले. काकांनी मोजले आणि शंभराची एक नोट माझ्या हातात परत ठेवली.

"हे ताईंना. मुंगी त्यांनी पकडली."

"अहो, एवढ्याचे शंभर?"

"एवढ्याचे न्हाईत. सकाळी पेपर त्या पडद्यावर उघडून द्यायचा आणि त्यांनी तो वाचायचा. त्याचा ॲडव्हान्स. चुका न्हाई काढल्या तरी चालतील."

सुनीता आता रोज सकाळी उजव्या पडद्यावर पेपर वाचते. तिला माऊस धरता येतो, पण खिडकी मीच ढकलून द्यावी असा तिचा आग्रह असतो.

मॉनिटर अठराशेला ठरला होता. सतराशे खरातकाकांना दिले, शंभर सुनीताला. टिकलीचे वेगळे काही लागले नाहीत.