शेपटीवर बसलेलं विमान

“गुन्हेगार स्वप्नातसुद्धा मला पाहून कबुली देतात, भाऊजी,” मेव्हणा खिशातून भिंग काढत म्हणाला. “नजर घारीची, बुद्धी वस्तऱ्याची, आणि माझ्या नम्रपणाबद्दल तर मी स्वतः काही बोलतच नाही.”

दातांच्या डॉक्टरांनी मान डोलावली. बायकोच्या भावाला चहा पाजावा आणि मुकाट्याने ऐकून घ्यावं, एवढं ते संसारात शिकले होते. पण आज बुडत्याला काडीचा आधार हवाच होता.

टेबलावर त्यांची तीन महिन्यांची मेहनत होती. प्लास्टिकचे सुटे भाग जोडून केलेलं वीतभर लांबीचं लढाऊ जेट आणि त्याखाली फळीवर उभारलेला धावपट्टीचा तुकडा. सिमेंटच्या भेगा, भेगांतलं गवत, तेलाचे डाग, काडीएवढी शिडी आणि विमानाकडे पाठ करून उभा असलेला, पेराएवढा मेकॅनिक. सगळं दात कोरायच्या हत्यारांनी घडवलेलं. काल विमान तिन्ही चाकांवर ऐटीत उभं होतं. आज मात्र ते शेपटीवर बसून छताकडे बघत होतं.

आणि संध्याकाळी सासरे येणार होते. त्यांनी उभा जन्म याच जातीच्या विमानांची देखभाल करण्यात घालवला होता. जावई माणूस चांगला, असं ते सगळ्यांना सांगत. पण त्याच्या हातात कसब आहे, असं कधी म्हणाले नव्हते. दाढ दुखली की शहराच्या दुसऱ्या टोकाच्या डॉक्टरकडे जात. जावयाला हे फार लागलं होतं, आणि हा सगळा खटाटोप त्यापायीच होता.

“घातपात,” मेव्हण्याने जाहीर केलं आणि ठशांसाठी शेपटीवर पावडर फुंकली. ठसे सापडले. ते त्याचे स्वतःचेच निघाले.

“गुन्हेगार पोचलेला आहे,” तो म्हणाला. “थेट माझाच अंगठा वापरतो.”

मग धावपट्टीला उतार असल्याचा शोध लागला. खात्रीसाठी त्याने तिच्यावर गोटी सोडली. गोटी शिडीला बरोबर घेऊन कपाटाखाली गेली, आणि डॉक्टरांना पोटावर सरपटावं लागलं. ते धूळ झटकत उठले तेव्हा भिंग मेकॅनिकवर रोखलेलं होतं.

“विमान कलंडत असताना हा इसम पाठ करून का उभा होता?”

“मी तसा चिकटवलाय त्याला.”

“कोणाच्या सांगण्यावरून?”

दवाखान्यात समोरच्याच्या तोंडात कापूस कोंबता येतो. घरात ती सोय नव्हती.

“नाकापाशी मुंग्या आहेत,” मेव्हणा पुढे म्हणाला, “पण त्यांना मी सोडून देतोय. एवढं धूड त्यांच्याच्याने कलंडायचं नाही.”

कप न्यायला आलेल्या बायकोने विमानाकडे एकदाच पाहिलं. “प्लास्टिकला मुंग्या कधीपासून लागायला लागल्या?”

मुंग्या पुढच्या चाकाच्या खाचेतून आत जात होत्या, आणि येताना काहीबाही घेऊन येत होत्या.

“अहो, नाकात घालायला म्हणून माझ्याकडून कणकेचा गोळा नेला होतात. तो काढलात ना?”

डॉक्टरांना आत्ता आठवलं. असल्या विमानाच्या नाकात वजन घातलं नाही, तर ते शेपटीवरच बसतं. शिशाचे छर्रे संपले होते, म्हणून त्यांनी तात्पुरती कणीक भरली, उद्या पक्कं वजन घालू म्हणाले, आणि कामाच्या भरात विमानाचे दोन्ही अर्धे चिकटवून मोकळे झाले. कणीक वाळून हलकी झाली. त्यातलीही थोडी मुंग्यांनी लांबवली.

“तात्पुरती दाढ भरून घेऊन परत न फिरकणाऱ्या पेशंटला तुम्ही काय म्हणता?” बायकोने विचारलं.

“बेजबाबदार,” डॉक्टर पुटपुटले.

“गुन्हेगार घरातलाच आहे हे मी कधीच ताडलं होतं, ताई,” मेव्हणा म्हणाला. “फक्त कोणत्या घरातला, तेवढं ठरायचं होतं.”

डॉक्टर विमान उचलून दवाखान्यात धावले. चाकाच्या खाचेतून ड्रिल घातलं, कणीक कोरून काढली आणि दाढेत भरतात तशी चांदी थोडी थोडी दाबून नाकात भरली. पावडर ओल्या ब्रशने टिपली. टेबलावर ठेवताच विमान पुढे झुकलं आणि तिन्ही चाकांवर उभं राहिलं.

सासरे आले ते थेट टेबलाशीच. वाकून त्यांनी शेपूट पाहिली, पंख पाहिले, मग विमान उलटं करून पुढच्या चाकाची खाच पाहिली.

“एवढ्याशा भोकातून हे कोणी भरलं?”

“मीच,” डॉक्टर म्हणाले.

मेव्हणा तपासाची हकिगत सांगणार, तोच बहिणीने त्याच्या तोंडात बिस्किट कोंबलं.

सासऱ्यांनी विमान जपून जागेवर ठेवलं. मग खुर्ची दिव्याखाली ओढली, बसले आणि मान मागे टाकली.

“जावईबापू, डावीकडची शेवटची,” ते म्हणाले. “फार दिवस ठणकतेय.” आणि त्यांनी आ केला.