एकोणचाळीसची डावी बाजू

परवान्याशिवाय इंजिन शेडमध्ये कसं शिरावं, हे कुणाला शिकायचं असेल तर त्याने खुशाल माझ्याकडे यावं. अकरा वर्षं, बेचाळीस शेड, हजारभर फोटो, आणि मला आजवर एकदाही कुणी हाकललेलं नाही! लँकशायरमध्ये असं छातीवर हात ठेवून सांगणारा दुसरा माणूस दाखवा.

माझी युक्ती अगदी साधी आहे. चोरासारखं आत जायचं नाही, कामावर उशिरा पोचलेल्या माणसासारखं जायचं! डोक्यावर तेलकट टोपी, हातात चहाचा डबा, चेहऱ्यावर वैताग. कॅमेरा पिशवीत, सँडविचच्या खाली. चालताना इकडेतिकडे बघायचं नाही आणि कुणी बघितलंच तर "काय दिवस आलेत!" अशी मान हलवायची. बस्स. आमच्या फोटोवाल्यांच्या मंडळातला सिरिल बर्टविसल मात्र दर वेळी रीतसर अर्ज करतो. सहा आठवड्यांनी त्याला शिक्का मारलेला परवाना येतो, आणि तो शेडवर पोचतो तेव्हा त्याला हवं असलेलं इंजिन केव्हाच भंगारात गेलेलं असतं. मी सिरिलला फार हसायचो. आता हसत नाही. का, तेच सांगतो.

गोष्ट अडुसष्ट सालच्या एप्रिलची. वाफेच्या इंजिनांचे शेवटचे चार महिने राहिले होते. रोज कुठलं ना कुठलं शेड बंद पडत होतं, आणि आम्ही फोटोवाले वेड्यासारखे या गावाहून त्या गावाला धावत होतो. शुक्रवारी संध्याकाळी सिरिलने बातमी आणली की आमच्या हॉर्नक्लफ शेडमधलं एकोणचाळीस नंबरचं इंजिन रविवारी अकरा वाजता भंगारात जाणार.

एकोणचाळीस म्हणजे माझ्या सासऱ्यांचं इंजिन! एफ्रम क्लेग यांनी ते एकोणीस वर्षं चालवलं. आता त्यांच्या छातीत कोळशाची धूळ बसली होती, दोन पायऱ्या चढल्या की धाप लागायची, म्हणून ते आमच्याकडे, वरच्या मजल्यावरच्या मागच्या खोलीत, खिडकीशी पलंगावर असायचे. खिडकीतून रूळ दिसायचे. माझ्याबद्दल त्यांचं मत लग्नाच्या दिवशी जे झालं ते अकरा वर्षांत बदललं नव्हतं. मी नगरपालिकेच्या पाणीखात्यात कारकून. त्यामुळे माझा उल्लेख ते "तो कारकून" असाच करायचे, मी समोर बसलेलो असतानासुद्धा. आणि मीही त्यांना अजून मिस्टर क्लेगच म्हणतो.

बातमी ऐकून ते खिडकीकडे वळले. मग म्हणाले, "विनी, त्या कारकुनाला सांग, म्हातारीचा एक फोटो आण म्हणावं. डावीकडून. मी डावीकडे बसायचो."

खाली स्वयंपाकघरात माझ्या बायकोने, विनीने, माझी कॉलरच धरली. "नॉर्मन, बाबांनी अकरा वर्षांत तुझ्याकडे मीठसुद्धा मागितलेलं नाही. हा फोटो आला नाही ना, तर तूही येऊ नकोस!"

"आला म्हणूनच समज! अगं, हा माझ्या डाव्या हातचा मळ आहे."

"आणि एकला जेवायला घरी. रविवारचं मटण मी कुणासाठी थांबवत नसते."

रविवारी सकाळी सात वाजता मी शेडमध्ये शिरलो. टोपी, डबा, वैताग, सगळं जागच्या जागी. आत अंधार, ठिबकणारं पाणी, ओळीने उभी असलेली थंड इंजिनं. एकोणचाळीस अगदी शेवटच्या रुळावर होतं. पण त्याच्यावर तेलकट काजळीचा असा थर चढला होता की नंबरसुद्धा दिसेना! बोटाने खरवडला तेव्हा कुठे तीनचा अर्धा आकडा निघाला. असा फोटो म्हाताऱ्याला दाखवला असता तर त्यांनी मला खिडकीतून बाहेर टाकलं असतं, धाप लागत असूनही.

"ए! तू!"

माझी पाचावर धारण बसली. मागे शेडचा फोरमन ग्रिमशॉ उभा होता. हा माणूस बिनपरवान्याच्या फोटोवाल्यांना थेट रेल्वे पोलिसांच्या हवाली करतो, अशी त्याची ख्याती होती. पोलीस म्हटलं की साहेबांना पत्र, पत्र म्हटलं की पाणीखात्यातली नोकरी गेली. हे सगळं एका क्षणात माझ्या डोळ्यांसमोरून गेलं.

"तूच ना तो सफाईवाला? जिल्हा ऑफिसातून पाठवलेला?"

अकरा वर्षांची माझी युक्ती इतकी सफल कधीच झाली नव्हती!

"हो," मी म्हणालो. दुसरं काय म्हणणार?

"महिनाभर माणूस मागतोय मी, महिनाभर! आणि पाठवला तो हा असा, तासभर उशिरा! हात दाखव."

मी हात दाखवले. त्याने ते उलटेपालटे करून बघितले.

"हे हात? मिसेस ग्रिमशॉचे हात याहून राठ आहेत! चल, तिसऱ्या रुळाखालची राख उपस. फावडं तिथंय."

राख म्हणजे काय असते, हे तुम्ही फोटोत बघितलं असेल. मीही तोवर फोटोतच बघितली होती! खड्ड्यात उतरून ती फावड्याने वर फेकायची, आणि वारा तिला प्रेमाने परत तुमच्या तोंडावर आणून टाकतो. आठला डोळे गेले, साडेआठला कंबर गेली. नजर मात्र सारखी घड्याळाकडे. अकराला इंजिन जाणार होतं, आणि मी खड्ड्यात!

नऊ वाजता ग्रिमशॉ आला. "झालं? बरं, आता काय येतं तुला?"

"मी... मी ते एकोणचाळीस पुसतो."

"एकोणचाळीस? डोकं ठिकाणावर आहे का तुझं? दोन तासांत भंगारात चाललीय ती!"

"म्हणूनच," माझ्या तोंडून निघून गेलं. "अशी घाणेरडी कशी पाठवायची?"

ग्रिमशॉने माझ्याकडे रोखून बघितलं. आता पकडलं, असं मला वाटलं. पण त्याने टोपी मागे सरकवली, आत गेला, आणि रॉकेलचा डबा नि चिंध्यांचं गाठोडं आणून माझ्या पायाशी ठेवलं. "माझ्या बापानेही चालवली होती ती, लढाईच्या वेळी," एवढंच तो म्हणाला आणि निघून गेला.

मग मी जे घासायला लागलो! चाकं, दांडे, बॉयलर, केबिन. काळ्याखालून काळाच निघाला, पण हा चकाकणारा काळा होता. केबिनवर पांढरे आकडे उमटले, तेव्हा मी ते गरज नसताना पुन्हा एकदा पुसले. अर्थात घासली ती फक्त डावी बाजू. आम्ही फोटोवाले फोटोत येणारीच बाजू पुसतो. उजवी होती तशीच, शंभर चुलींच्या मागच्या भिंतीसारखी.

"अर्धीच पुसलीस?" पावणेअकराला ग्रिमशॉ ओरडला.

"वेळ पुरला नाही, साहेब."

"अर्धी तर अर्धी. महिन्याभरात पहिला कामाचा माणूस मिळाला!" त्याने माझ्या पाठीवर थाप मारली. मी खोकलो.

एवढ्यात डिझेल इंजिन आलं आणि एकोणचाळीसला ओढत उन्हात घेऊन गेलं. काय दिसत होती ती! डावी बाजू नुसती झळझळत होती. जन्मात असा फोटो मिळाला नसता! माझा हात पिशवीत गेला, सँडविच बाजूला सारलं, कॅमेऱ्याचा पट्टा बोटाला लागला.

"ए, जेवतोस काय? वर चढ!"

"वर? कुठे?"

"तिच्यावर! मेलेल्या इंजिनात ब्रेकवर माणूस लागतो, हे मी शिकवू? आपला माणूस आज आलाच नाही. डिझेलवाल्याने शिट्टी मारली की हा दांडा आवळायचा, दोनदा मारली की सोडायचा."

यार्डातल्या यार्डात न्यायची असेल, असं समजून मी चढलो. पाचच मिनिटांचा प्रश्न! डिझेलने हिसका दिला, इंजिन हललं, आणि घाबरून मी दांडा जो आवळला तो पुन्हा नीट सुटेचना. यार्ड संपलं. फाटक गेलं. आम्ही मुख्य मार्गावर आलो!

"अहो! अहो, किती लांब जायचंय?" मी बाहेर डोकं काढून ओरडलो.

"चाळीस मैल!" डिझेलच्या खिडकीतून मदतनिसाचं उत्तर आलं.

माझ्या तोंडचं पाणी पळालं. एक वाजता मटण! पिशवीत कॅमेरा, कॅमेऱ्यात कोरी फिल्म, छत्तीस फोटो शिल्लक, आणि मी जगातल्या अशा एकमेव जागी बसलो होतो जिथून त्या इंजिनाचा फोटो काढता येत नाही! शिवाय बसलो होतो कुठे? डावीकडे. सासऱ्यांच्या जागेवर. ते कळलं तेव्हा मी उभा राहिलो, पण इंजिन इतकं हिंदकळत होतं की पुन्हा बसावं लागलं.

पुढच्या सिग्नलला गाडी थांबली. मी ठरवलं, उडी मारायची, वीस पावलं पळायचं, फोटो काढायचा, परत चढायचं. एक पाय खाली टेकला, दुसरा पायरीवर, कॅमेरा दातात, आणि सिग्नल पडला! मी लोंबकळत पन्नास यार्ड गेलो. आत कसा आलो ते आठवत नाही. विनीला विधवा करण्याएवढा तो फोटो मोठा नाही, असं मात्र स्वतःला मोठ्याने सांगितल्याचं आठवतं.

मग आला गिरणीजवळचा पूल. पुलाशेजारच्या उतारावर आमचं अख्खं मंडळ कॅमेरे लावून उभं! सगळ्यात पुढे सिरिल. देव भेटल्यासारखा आनंद झाला मला. मी कमरेपर्यंत बाहेर वाकलो आणि जीव तोडून ओरडलो, "सिरिल! विनीला सांग, मला उशीर होईल!"

सिरिल लालबुंद झाला. दोन्ही हातांनी मला आत ढकलल्यासारखं करत तो किंचाळला, "डोकं आत घे, गाढवा! फोटोत येतंय!"

मी डोकं आत घेतलं. मग तो निरोप देईल की नाही, अशी धास्ती वाटून पुन्हा बाहेर काढलं. तेवढ्यात सगळे कॅमेरे वाजून गेले.

आणि पुलानंतरच्या वळणावर आमच्या घराची मागची बाजू येते. मला ते आठवलं तेव्हा उशीर झाला होता. खिडकीत सासरे उशीला टेकून बसले होते. त्यांनी टोपी घातली होती, ड्रायव्हरची. घरात, पलंगावर! त्यांना माहीत होतं ती केव्हा जाणार. ते इंजिनाकडे बघत होते. मग त्यांची नजर केबिनकडे गेली. काय करावं ते न सुचून मी हात हलवला. त्यांनी नाही हलवला.

भंगाराच्या यार्डात पोचायला अडीच वाजले. मी खाली उतरून कॅमेरा डोळ्याला लावला तेव्हा एकोणचाळीस दोन इंजिनांच्या रांगांमध्ये ढकललेली होती. डाव्या बाजूला दुसरं इंजिन, मधे माझा हातही गेला नसता. उजवी बाजू तेवढी मोकळी होती. ती घाणेरडी! मी तिथे रुळावर बसून रडलो. राख डोळ्यांत गेली होती, हे खरं, पण मी त्याआधीपासूनच रडत होतो.

दोन बस बदलून, चहाच्या वेळेला घरी आलो. सिरिलने निरोप दिलाच नव्हता. मटणाच्या ताटलीवर झाकण होतं आणि विनीच्या तोंडावरही. तिने फक्त बोटाने वरची खोली दाखवली.

टोपी अजून त्यांच्या डोक्यावरच होती.

"मिस्टर क्लेग," मी म्हणालो, "फोटो नाही मिळाला."

"ब्रेक लागलेला होता," ते म्हणाले.

"अं?"

"ब्रेक! पुलापासून किंचाळत होती बिचारी. एकोणीस वर्षांत माझ्या हाताखाली ती कधी किंचाळली नाही." मग ते खोकले, बराच वेळ. पाणी प्यायले. "डावी बाजू तू पुसलीस?"

"हो."

"हं," ते म्हणाले आणि पुन्हा खिडकीबाहेर बघू लागले. अकरा वर्षांतली ती पहिली शाबासकी. मला इतकं बरं वाटलं की मी गार मटण आनंदाने खाल्लं.

आठवड्याने सिरिल आला. एक मोठा फोटो टेबलावर आपटत म्हणाला, "घे! स्पर्धेत पहिला आला असता हा! तुझ्या थोबाडामुळे वाया गेला!"

फोटो अप्रतिम होता. एकोणचाळीसची अख्खी डावी बाजू, उन्हात, एकेक आकडा स्वच्छ. फक्त केबिनच्या खिडकीत काळंठिक्कर तोंड, मागे वळलेलं, आणि मधोमध उघडा जबडा. मी तो तसाच वर नेऊन दिला. सासऱ्यांनी तो घेतला आणि उजेडाकडे धरला. रात्री विनी म्हणाली, बाबा उशीखाली काहीतरी घेऊन झोपलेत.

दोन दिवसांनी बघतो तर फोटो चौकटीत, पलंगाशेजारी! मला भरून आलं. जवळ जाऊन नीट बघितलं. खिडकीतल्या माझ्या चेहऱ्यावर, अगदी बेताने, टपालाचं तिकीट चिकटवलेलं होतं. राणीच्या डोक्याचं, तिचं तोंड बरोबर इंजिनाच्या पुढच्या बाजूला.

"मिस्टर क्लेग, हे काय?"

"बघ आणि शीक, नॉर्मन," म्हातारा म्हणाला. नाव घेऊन! अकरा वर्षांत पहिल्यांदा! "मान ताठ, नजर पुढे, तोंड बंद. ड्रायव्हर असा बसतो."