संगीत खुर्ची, समितीच्या मान्यतेने

आमच्या भिंगरीचा सातवा वाढदिवस होता आणि तिने संगीत खुर्ची मागितली. केक आणि फुग्यांना कोणाची हरकत नव्हती. पण इमारतीचा हॉल वापरायचा तर खेळाला बालआनंद समितीची पूर्वपरवानगी लागते. म्हणून मी विषय समितीपुढे ठेवला आणि तो माझ्या हातचा गेला.

मूळ भानगड माझ्या बहिणीने लावून दिली होती. "आमच्या वेळी," ती पोरीला म्हणाली, "जो पहिला आउट व्हायचा ना, त्याला गाणं चालू-बंद करायला मिळायचं. मग बाकीचे सगळे त्याच्या तालावर पळायचे."

तेव्हापासून पोरीने एकच धोशा लावला. "बाबा, मला आउट व्हायचंय! मी कधीच आउट झाले नाहीये."

ते खरंच होतं. तिच्या वयाचं कोणीच कधी आउट झालेलं नाही. शर्यतीत सगळे पहिले येतात. लपाछपीत लपणाऱ्याला एकटं वाटू नये म्हणून त्याची आई सोबत लपते.

समितीच्या बैठकीत बालविकास सल्लागार बाईंनी पहिलाच आक्षेप घेतला. "एक खुर्ची कमी म्हणजे एक मूल वंचित."

खुर्च्या मुलांइतक्या करण्याचं ठरलं. मग एखाद्या मुलाला आपली खुर्ची आवडली नाही तर काय, असा प्रश्न निघाला आणि प्रत्येकी एक राखीव खुर्ची मंजूर झाली. समितीतल्या दातांच्या डॉक्टरांनी पळताना पडल्यास पुढचे दोन दात धोक्यात येतील अशी कल्पना दिल्यावर पळणं रद्द झालं. गाणं अचानक थांबलं की मुलं दचकतात, हे अध्यक्षांचं निरीक्षण. सबब गाणं थांबणार नव्हतं.

"मग खेळायचं काय?" मी विचारलं.

"खेळायचं कशाला? आनंद घ्यायचा," अध्यक्ष म्हणाले. मी नंदीबैलासारखी मान हलवली.

वाढदिवसाला सगळं ठरल्याप्रमाणे पार पडलं. मुलं खुर्च्यांवर बसली होती, शेजारी राखीव खुर्च्या रिकाम्या होत्या, संथ गाणं चालू होतं. हॉलमधल्या सगळ्या खुर्च्या यातच संपल्याने पालक भिंतीला टेकून उभे होते. थोड्या वेळाने सर्व मुलांना विजेते घोषित करण्यात आलं. त्यातल्या एका विजेत्याला झोप लागली होती.

"बाबा, खेळ कधी सुरू होणार?"

"झाला की! तू जिंकलीस."

तिचा खालचा ओठ पुढे आला. मला फार वाईट वाटलं, म्हणून मी तिचा फोटो काढला.

तेवढ्यात खाणं तयार असल्याची घोषणा करायला कोणीतरी गाणं बंद केलं.

गाणं थांबलं आणि पाय दुखत असलेल्या तमाम पालकांना राखीव खुर्च्या दिसल्या. डॉक्टरांनी दातांची पर्वा न करता झेप घेतली. सल्लागार बाईंनी एका वडिलांना कोपराने वंचित केलं. सगळ्यात आधी वाढून घ्यायला गेलेले अध्यक्ष हातात ताट घेऊन उरले. ते भिंगरीसमोर आले.

"बेटा, ऊठ बघू. मोठ्यांना जागा द्यावी."

भिंगरी उठली. अध्यक्ष बसले. तिने इकडे तिकडे पाहिलं. "म्हणजे मी आउट?"

"आउट!" माझी बहीण आनंदाने ओरडली.

पोरीचा चेहरा असा उजळला की मी मोबाईल खाली ठेवला. ती धावत गेली आणि तिने गाणं लावलं, चांगलं धांगडधिंग्याचं. मुलं टुणकन उठून खुर्च्यांभोवती पळू लागली, आणि त्यांच्या रिकाम्या खुर्च्या उरलेल्या पालकांनी पटकावल्या.

"काका, उठा ना! गाणं चालू असताना बसायचं नसतं!"

एकही काका उठला नाही. भिंगरीने गाणं थांबवलं, तेव्हा मुलं सरळ त्यांच्या मांडीवर बसली. डॉक्टरांनी तोवर मागवून घेतलेलं सूप त्यांच्याच शर्टावर सांडलं. सल्लागार बाई आधी किंचाळल्या, मग हसत सुटल्या, आणि पुढचं गाणं लागताच चपला काढून मुलांबरोबर पळू लागल्या. त्या दुसऱ्याच फेरीत आउट झाल्या आणि भिंगरीने त्यांना शेजारी बसवून बटण कसं दाबायचं ते शिकवलं.

अध्यक्ष मात्र शेवटपर्यंत खुर्चीचे हात घट्ट धरून बसून राहिले. समितीने त्यांना एकमताने विजेता घोषित केलं. त्यांच्या मांडीवर कोणीच बसलं नव्हतं.

आता तुम्हीही हे वाचताय, म्हणजे कुठेतरी ऐसपैस बसला असाल. घरातलं कोणी गाणं लावून तुमच्या उठण्याची वाट बघत नाहीये ना, तेवढं जरा पाहा.