सुंदररावच्या बरडावरचं तरस

एक गोष्ट आधीच सांगून ठेवतो. मी कुणावर जळणारा माणूस नाही! आमच्या पाली गावात कुणालाही विचारा. चुलतभावानं नवा ट्रॅक्टर आणला तेव्हा त्याला पहिला हार मीच घातला. हार जरा वाळलेला होता, ही गोष्ट वेगळी.

पण माणसाच्या सहनशक्तीलाही बांध असतो, आणि माझ्या बांधाच्या पलीकडं सुंदरराव आहे!

माझं रान कसं? ज्वारी शिपायासारखी ताठ, बांधावर गवताची काडी नाही, उंदराची तर डोकं वर काढायची हिंमत नाही. आणि सुंदररावचं? अर्धं रान नुसतं बरड. खडक, कुसळी गवत आणि बोरीची झुडपं. हा गडी नांगरत नाही, खुरपत नाही. बोरीखाली आडवा पडून मोबाइल बघतो. लोक त्याला आळशी म्हणायचे आणि मी कुणाला अडवत नव्हतो.

तर त्या बरडावर एका खोकडीनं बीळ केलं आणि पिलं घातली.

खोकड म्हणजे कोल्ह्याचा धाकटा भाऊ समजा. मांजरापेक्षा जरा मोठं, शेपटीचा झुपका, झुपक्याचं टोक काळं, आणि तोंडावर भाव असा की आत्ताच कुणाचं तरी गुपित ऐकून आलंय! उंदीर खाईल, टोळ खाईल, बोरं खाईल. माणसाच्या वाटेला जात नाही. गरीब जनावर.

बीडच्या कॉलेजातली पौर्णिमा नावाची पोरगी माळावरच्या जनावरांचा अभ्यास करते. ती आली, खोकडं बघून हरखली आणि बोरीच्या बुंध्याला तिनं एक कॅमेरा बांधला. समोरून जनावर गेलं की फोटो आपोआप निघतो. थोड्याच दिवसांत फोटो पेपरात! रांगेत बसलेली गुबगुबीत पिलं, आणि शेजारी कमरेवर हात ठेवून सुंदरराव! खाली लिहिलेलं, ‘खोकडांचा पालक’.

पालक! ज्याला स्वतःच्या म्हशीला पाणी दाखवायची आठवण राहत नाही, तो पालक!

मग काय विचारता! बीडहून गाड्या यायला लागल्या. लिंबागणेशच्या शाळेनं त्याला भाषणाला बोलावलं. गडी शाल-नारळ घेऊन परत आला आणि भर फाल्गुनात ती शाल पांघरून रानात फिरायला लागला. घामानं निथळत होता, पण शाल काही उतरवेना!

हेही मी गिळलं असतं. पण एक दिवस जेवताना आमच्या सौभाग्यवती रोहिणीबाई म्हणाल्या, "सुंदरभाऊजी लई मायाळू हो! मुकं जनावर उगाच कुणाच्या रानात येत न्हाई."

"म्हणजे? मग माझ्या रानात का येत न्हाई?"

"तुमच्या रानात यायला मुंगी बी इचार करती!"

भाकरी ताटात ठेवली. त्याच क्षणी ठरवलं. खोकडं आपल्या रानात आणायचीच! अंतर काय, एक बांध तर ओलांडायचा!

पौर्णिमाला सहज विचारल्यासारखं विचारलं, "काय खातं गं हे?"

"उंदीर, किडे, बोरं. कधी मेलेलं काही सापडलं तर तेही. पण काका, आपण खायला घालायचं नसतं हं! आणि जवळही जायचं नाही. उभा माणूस दिसला तरी बुजतात ती."

यातल्या मला दोनच गोष्टी ऐकू आल्या. मेलेलं खातं, आणि उभा माणूस चालत नाही.

मग मी माझ्या रानात एक झकास बीळ खणलं. पूर्वेला तोंड, हवेशीर, आत वाळलेलं गवत अंथरलेलं. माझं लग्न झालं तेव्हा आम्हाला सुद्धा अशी खोली मिळाली नव्हती! कोंबडीच्या दुकानातून पिशवीभर आतडी आणली. आणि दुसऱ्या दिवशी झुंजुमुंजू व्हायला अंगावर घोंगडी घेऊन, हातापायांवर रांगत सुंदररावच्या बरडावर शिरलो. घोंगडी राखाडी, त्यावर काळे पट्टे. हे पट्टे पुढं महागात पडणार आहेत, पण तेव्हा मला काय माहीत!

त्याच्या बिळापासून माझ्या बिळापर्यंत मी आतड्यांच्या पायघड्या घालत निघालो. कुसळं गुडघ्यात घुसत होती, सराटे तळहातात रुतत होते. पण डोळ्यांपुढं पेपर दिसत होता. मोठा फोटो माझा, आणि कोपऱ्यात, अगदी लहान, खोकड!

एवढ्यात मागून "गुर्रर्र" ऐकू आलं.

वळून बघतो तर केशरकाकूंचं कुत्रं! केशरकाकूंची वस्ती बरडाच्या पलीकडच्या अंगाला आहे. त्या कुत्र्यानं एक आतडं चाखलं आणि अशी काही आरोळी ठोकली की पालीतली समदी कुत्री पंगतीला हजर! बघता बघता पायघड्या साफ झाल्या. मग सगळ्यांच्या लक्षात आलं की उरलेला माल घोंगडीखाली आहे!

शहाण्या माणसानं उठून पळावं. पण तेवढ्यात केशरकाकू तांब्या घेऊन बाहेर आल्या. उभा राहिलो असतो तर त्यांनी ओळखलं असतं, आणि काकूंना कळलं की आकाशवाणीची गरज उरत नाही. म्हणून मी तसाच, चार पायांवर, चौखूर उधळलो! मागं कुत्र्यांची वरात! बोरीजवळून जाताना काहीतरी लालसर लुकलुकलं. मला वाटलं, दम लागल्यानं डोळ्यांपुढं काजवे चमकले.

घरी आलो तर रोहिणी दारातच उभी.

"गुडघे कशानं फुटले?"

"देवाला गेलतो. लोटांगण घातलं."

"कुठल्या देवाला?"

"सगळ्याच!"

तिनं घोंगडीचा वास घेतला, नाक मुरडलं, आणि काही बोलली नाही. बायको काही बोलली नाही की समजावं, पुढं पाऊस मोठा आहे.

दुपारी मोबाइल वाजला. गावच्या ग्रुपवर सुंदररावनं फोटो टाकला होता. पौर्णिमा कॅमेऱ्यातले फोटो काढून बघत होती, तेव्हा यानं तिच्या लॅपटॉपवरून आपल्या मोबाइलनं फोटोचा फोटो घेतला. काळपट, हललेला. डोकं चौकटीच्या बाहेर. दिसत होती ती फक्त एक पट्टेरी पाठ, उंच उचललेला मागचा भाग आणि मागं कुत्री. खाली सुंदररावनं लिहिलं होतं, "आमच्या बरडावर तरस! पट्टेरी तरस! निसर्ग आपल्यावर खूश हाय!"

मी फोटो मोठा करून बघितला. लहान करून बघितला. मोबाइल उलटा धरून बघितला. शंकाच नाही. तो मीच होतो!

आणि खाली अभिनंदनाचा पूर आलेला! "सुंदरराव, नशीबवान आहात!" "बीड जिल्ह्याची शान!" अरे, रांगलो मी, गुडघे फुटले माझे, बूड माझं, आणि श्रेय सुंदररावला!

रोहिणी माझ्या खांद्यावरून वाकून बघत होती. "अगं बाई, तरस! कसलं रुबाबदार हाय!"

"रुबाबदार?"

"पाठ बघा की कशी भरदार! जनावर असावं तर असं!"

एवढ्या संसारात ह्या बाईनं माझ्या पाठीबद्दल एक चांगला शब्द काढला नव्हता. मी एकाच वेळी फुललो आणि जळालो. माझ्यावरच जळालो! असा प्रसंग वैऱ्यावर येऊ नये.

पण संध्याकाळपर्यंत वारं फिरलं. तरस म्हटल्यावर अभिनंदन करणाऱ्यांनीच दारांना कड्या घातल्या. केशरकाकू पारावर उभ्या राहून सांगत होत्या, "म्या ह्या डोळ्यांनी बघितलं! बैलाएवढं होतं! कुत्री घाबरून त्येच्या मागं मागं पळत होती!"

घाबरलेली कुत्री मागं कशी पळतील, हे कुणी विचारलं नाही. पौर्णिमानं ग्रुपवर लिहिलं, ‘फोटो अस्पष्ट आहे, नक्की सांगता येत नाही.’ ते कुणी वाचलं नाही. बायकांनी ज्वारी काढायला जाणं बंद केलं. काढणीला आलेली कणसं पाखरं टिपायला लागली, त्यात माझीही होती. गुराख्यांनी गुरं सोडली नाहीत. आणि सकाळी उठून सगळं गाव फावडी, टिकाव घेऊन बरडाकडं निघालं. पुढं केशरकाकू.

"खोकडं हायेत म्हणून तरस आलं! मूळच उकरून काढा! बीळ धूर करून बुजवून टाका!"

पौर्णिमा हात पसरून आडवी उभी. "थांबा हो! आत पिलं आहेत! मी वनखात्याला फोन केलाय, माणसं निघालीत. ती येईपर्यंत तरी थांबा!"

"ती येऊस्तोवर तरस माणूस नेईल!"

सुंदरराव शाल पांघरून बिळाच्या तोंडावर मांडी घालून बसला होता. "आधी मला उकरा! मग बिळाला हात लावा!"

मी गर्दीच्या मागं फावडं घेऊन उभा होतो. आत काय चाललं होतं सांगू? गुदगुल्या होत होत्या! बीळ गेलं की पालक गेला. पालक गेला की शाल गेली, भाषणं गेली, गाड्या गेल्या. मला काहीच करायचं नव्हतं, फक्त गप्प बसायचं होतं.

तेवढ्यात सुंदररावनं मला बघितलं. "शिवादादा! तुमी जाणते हाव, तुमचं ऐकतील. तुमी तरी सांगा यांना!"

त्याचा आवाज बसला होता. बोरीखाली लोळणारा हा गडी रात्रभर तिथंच बसला असावा, डोळे लाल झालेले. आणि त्याच्या मांडीमागून एक पिलू बाहेर आलं. एवढी माणसं, एवढी फावडी, त्याला काही पडलेलं नाही! त्यानं शालीचं टोक दातात धरलं आणि मागं ओढायला लागलं. शाल हलेना तशी त्यानं रागानं मान झटकली आणि बदकन बुडावर पडलं.

झालं! माझ्या हातातलं फावडं आपोआप खाली गेलं.

"थांबा!" मी ओरडलो. "ते तरस न्हाई. ते... ते मी हाय!"

केशरकाकू फिसकन हसल्या. "तू? बैलाएवढं होतं म्हणलं ना! तुझ्यात एवढा दम कुठाय!"

मागून कुणीतरी म्हणालं, "शेजाऱ्यासाठी एवढं खोटं बोलायला बी काळीज लागतं!" सुंदररावनं तर हातच जोडले. "दादा, माझ्यापायी सोताला कमीपणा घेऊ नका!"

आता मात्र माझं डोकं फिरलं. "कमीपणा कसला बे! मीच हाय तो! ती पाठ माझी हाय!"

"मग दाखवा की करून!" हा आवाज रोहिणीचा. बघतो तर ती गर्दीतून पुढं येत होती, आणि काखेत घोंगडी! तिला कालच वास लागला होता. तरस रुबाबदार असल्याचं तिनं तोंड सरळ ठेवून कसं सांगितलं असेल, हे कोडं मला अजून सुटलेलं नाही.

काय करता! अख्ख्या पालीसमोर मी घोंगडी पांघरली आणि हातापायांवर झालो. पौर्णिमानं लॅपटॉप उघडून फोटो पुढं धरला.

"थोडं पुढं या काका. मागचा भाग वर... अजून वर... तंतोतंत!"

सगळ्यांचे मोबाइल बाहेर निघाले. तरी केशरकाकूंची मान हलतच होती. शेवटी निकाल दिला तो त्यांच्याच कुत्र्यानं. घोंगडीचा वास आला तसं ते कान टवकारून सुटलं, त्याच्या मागं बाकीची, आणि मी पुन्हा चौखूर!

माणसं अशी हसली की टिकाव गळून पडले. केशरकाकू तर पोट धरून खाली बसल्या. वनखात्याची माणसं पोचली तेव्हा त्यांना सांगायला शुद्धीवर कुणी नव्हतं. बीळ वाचलं. माझा व्हिडिओ मात्र माझ्या आधी बीडला पोचला.

पण खोकडीला काय ठाऊक की हे हसणं आहे! तिला एवढा गोंगाट सोसला नसावा. एका रात्रीत तिनं पिलांच्या मानगुटी धरल्या आणि मुक्काम हलवला. सकाळी सुंदरराव रिकाम्या बिळापुढं उभा. मी धावत माझ्या रानात गेलो. मी खणलेल्या बिळात एक बेडूक बसला होता. माझ्याकडं बघून त्यानं डोळे मिटून घेतले.

त्या आठवड्याच्या पेपरात नवा फोटो आला. कडब्याच्या गंजीखाली पिलं खेळतायत, आणि शेजारी डोक्यावर पदर घेऊन केशरकाकू! खाली लिहिलेलं, ‘खोकडांची माय’. काकूंनी बातमीदाराला सांगितलं होतं, ‘माझा आधीपासून मुक्या जनावरांवर जीव हाय.’

मी आणि सुंदरराव बांधावर बसून होतो. समोरून एकेक गाडी काकूंच्या वस्तीकडं वळत होती. धूळ मात्र आमच्यावर.

"दादा," सुंदरराव म्हणाला, "काकूत असं काय हाय, जे आपल्यात न्हाई?"

"काय न्हाई बे! काडीचं काय न्हाई!"

आमचं दोघांचं एकमत होण्याची ही पहिलीच वेळ. एवढ्यात काकूंनीच हाक मारली, "या रे चहाला! पण पाय न वाजवता या, पिलं झोपल्यात!"

गेलो. काय करणार! बाजेवर बीडची पाहुणेमंडळी बसली होती. काकूंनी ओळख करून दिली, "हे दोघं आमच्या शेजारचे. रिकामेच असत्यात, म्हणून बोलावलं."

चहात साखर कमी होती. सुंदररावलाही तसंच वाटलं.