चार कॅन आणि अकरा गोधड्या

दही लावणं ही कला आहे आणि ती आमच्या घरात फक्त मला येते. ही फुशारकी नाही, वस्तुस्थिती आहे! बत्तीस वर्षं मी दही लावतोय. सुरी घातली तर वडी निघावी असं! दूध किती कोमट हवं, विरजण किती घालायचं, सगळं माझ्या करंगळीला कळतं. त्यामुळे माझ्या पुतणीचा, मैथिलीचा, साखरपुडा ठरला आणि दादा, म्हणजे माझा थोरला भाऊ, "श्रीखंड बाजारातून आणू" म्हणाला, तेव्हा माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली.

"हा केशव जिवंत असताना बाजारचं श्रीखंड? साठ माणसांचं घरी करतो! गेनू गवळ्याला सांग, चाळीस लिटर दूध आण!"

एवढ्यावर थांबलो असतो तर निभावलं असतं. पण मी महाडला फोन करून मुलाच्या वडिलांनाही सांगून टाकलं, की श्रीखंड घरचं, माझ्या हातचं!

"वा वा! आमच्या मंगलला श्रीखंड फार आवडतं," ते म्हणाले.

मंगल म्हणजे मुलाची आत्या. तीस वर्षं मुंबईला नर्स होती. त्या घरात पान हलायचं ते तिच्या शब्दावर. आधीच्या दोन मुली तिनंच नाकारल्या. एकीच्या आजोबांना दमा होता म्हणून आणि दुसरीच्या मावशीला फिट येते म्हणून! "आनुवंशिक असतं हो," हे तिचं पालुपद. इकडे आमच्या मैथिलीचा त्या शौनकवर पुरता जीव जडलेला. त्यामुळे दादानं घरादाराला बजावलं होतं, की आत्याबाईंसमोर कुणी शिंकायचंसुद्धा नाही.

आता यात माझं काही चुकलं का? काही नाही! चुकलं ते हवामानाचं.

शुक्रवारी संध्याकाळी किकवीहून गेनू दुधाचे चार उंच कॅन ठेवून गेला, मी त्यांना विरजण लावलं आणि पाठोपाठ थंडी आली. साधी थंडी नव्हे! पारा पाचावर! वेल्ह्याकडं गवतावर पांढरा बर्फ धरल्याचे फोटो सकाळी सगळ्यांच्या मोबाईलवर. आता मला सांगा, भोरकरानं थंडीशी लढायचं कशानं? आमच्याकडे तयारी असते ती पावसाची! घरटी चार रेनकोट, गमबूट, छत्र्या, छपरावर घालायचे प्लॅस्टिकचे कागद. थंडीसाठी काय, तर कधीकाळी महाबळेश्वरला घेतलेला एक स्वेटर! खोबरेल तेलाची बाटली लोक तव्यावर ठेवत होते. एसटीचा कंडक्टर सोलापुरी चादर पांघरून तिकिटं फाडत होता. नळाला पाणी आलं, की ते भरायला घरातलं कुणीच पुढं होईना!

शनिवारी सकाळी मी कॅनचं झाकण उघडलं. आत दूध! काल होतं तसंच, ढिम्म. म्हशीला दाखवलं असतं तर तिलाही वाटलं असतं, आत्ताच काढलंय!

"अहो, अजून वेळ गेलेली नाही," माझी बायको पद्मजा म्हणाली. "बाजारातून आणू या. तासाभरात मिळेल."

"आणि नाक कापून घेऊ? महाडला सांगून बसलोय मी!"

तेवढ्यात रतनबाई आली. ही भोंगवलीहून कार्याच्या कामाला आलेली. तिनं कॅनला हात लावला आणि चटका बसावा तसा मागं घेतला.

"भाऊ, दुदाला थंडी वाजतीया! आमच्यात असल्या दिसांत दूद गोधडीत गुंडाळत्यात. माणसावानी. आन् मंग हालवायचं न्हाई. हालवलं की इस्काटलं समदं!"

शहाणी बाई! मी तत्काळ मधल्या खोलीत दिवाणावर चारही कॅन भिंतीला टेकवून ओळीनं बसवले. घरातल्या अकराच्या अकरा गोधड्या त्यांच्याभोवती गुंडाळल्या. झाकणातून गारवा शिरतो, म्हणून दोघांना माकडटोपी घातली, तिसऱ्याला मफलर, चौथ्याला माझा महाबळेश्वरी स्वेटर. कोपऱ्यात कोळशाची शेगडी. दाराला कुलूप. किल्ली माझ्या जानव्याला.

"रतनबाई," मी म्हणालो, "पाहुण्यांसमोर दह्याचं नाव काढायचं नाही! शब्द दे."

"न्हाई काडत. माज्या लेकराची आन!"

संध्याकाळी वरंधा घाट चढून महाडकर आले. बावीस जण! जन्मभर घामात राहिलेली माणसं, अंगात सुती शर्ट. उतरताना त्यांचे दात वाजत होते ते मला फाटकापासून ऐकू आले. मुलाचे वडील थरथरत म्हणाले, "केशवराव, जरा पांघरायला मिळेल का काही?"

आता काय सांगणार? दुधाला दिलंय म्हणून? मी दोन चादरी दिल्या, टेबलक्लॉथ दिला, खिडक्यांचे पडदे काढून दिले. मग गणेश मंडळाची सतरंजी आणली. त्या एका सतरंजीखाली अकरा व्याही ओळीनं झोपले. शेजारी मागून पाहिलं, पण त्या थंडीत कुणाकडे जादा गोधडी असणार? मंडपवाल्याच्या रजया तर दुपारीच संपलेल्या. मी स्वतः रेनकोट घातला, पायात गमबूट, कानाला पद्मजाची ओढणी, आणि तसाच बसून राहिलो. लोकांसाठी इतकं कोण करतं?

रविवारी सकाळी माझा हिशोब साधा होता. दहापर्यंत दही लागलं, तर फडक्यात बांधून वर पाटा ठेवायचा. चारला चक्का, पाचला साखरपुडा, सातला पंगत. मी पद्मजाचं तापाचं थर्मामीटर घेऊन आत गेलो. एकेक झाकण बोटभर उचलून माप घेतलं आणि बाहेर येऊन तिला बोळात हळूच सांगितलं, "पहिला पस्तिसावर आहे. दुसरा तेहतीस. तिसरा तसाच. चौथ्याची मात्र मी आशा सोडली."

"मग आता हो?"

"आता काय! गोधड्या काढायच्या नाहीत आणि कुणाला कळू द्यायचं नाही. आजचा दिवस निभावला पाहिजे!"

मागं कप फुटल्याचा आवाज झाला. वळून पाहतो तर आत्याबाई! हातात नुसता कान उरलेला.

"आत कोण आहे?" त्यांनी विचारलं.

"कुणी नाही!" मी म्हणालो.

"सामान आहे," पद्मजा म्हणाली.

"देवघर आहे," पलीकडून येता येता दादा म्हणाला.

हे तिघं एकाच वेळी! घरातल्या माणसांत एकवाक्यता नसली, की असं होतं. मी एकटा असतो तर निभावून नेलं असतं.

आत्याबाई तशाच वळल्या. अंगणात गेल्या आणि मधल्या खोलीच्या खिडकीला नाक लावून उभ्या राहिल्या. काचेवर वाफ धरलेली. आत अंधुक उजेडात दिवाणावर गोधड्या गुरफटून चौघं बसलेले! दोघांच्या डोक्यात माकडटोप्या. ना हालचाल, ना श्वास. मुंबईला प्रेतं पाहिलेल्या बाईचाही रंग उडाला. त्यांनी तिथंच भांडी घासणाऱ्या रतनबाईला धरलं.

"बाई, खरं सांगा. आत किती जण आहेत?"

रतनबाई शब्दाची पक्की. दह्याचं नाव काढलं नाही! म्हणाली, "चौगं हायती. कालपासनं तसंच बसल्यात. भाऊंनी कुलूप घातलंय. हालवायचं न्हाई, उगडायचं न्हाई, पावन्यास्नी कळू द्यायचं न्हाई!"

"डॉक्टर?"

"डागदर कशाला? आपसूक व्हतंय तवा व्हतंय. न्हाय झालं तर वतून द्यायचं!"

हे शेवटचं वाक्य तिनं बोलायला नको होतं, असं माझं स्पष्ट मत आहे.

पाचव्या मिनिटाला अंगणात महाडकरांची सभा भरली. बावीस जण पडदे आणि टेबलक्लॉथ पांघरून गोलात उभे. आत्याबाई तापल्या होत्या. "घरात चार आजारी माणसं लपवलीत! चारही जणांना एकच रोग, म्हणजे आनुवंशिकच! पस्तीसला आलंय अंग! माणूस गार पडत चाललाय आणि हे आशा सोडून मोकळे! सोयरीक राहू द्या, आधी जीव वाचवा!" आणि त्यांनी सरळ एकशेआठ नंबर फिरवला!

मैथिली धावत माझ्याकडे आली. साखरपुड्यासाठी बांधलेला अर्धाच अंबाडा, डोळे भरलेले. "काका, ते लोक निघालेत! शौनकचे बाबा बॅगा भरायला सांगतायत. तुम्ही ते दार उघडा ना!"

"उघडतो गं! फक्त एक तास दे. आत्ता उघडलं तर गार वारं शिरेल आणि होतंय तेही जाईल!"

मी हे जरा मोठ्यानं बोललो आणि आत्याबाईंनी ते ऐकलं. "ऐकलंत? होतंय तेही जाईल म्हणे!"

तोवर भोंगा वाजवत रुग्णवाहिका दारात. एरवी बोलावलेला प्लंबर आठ दिवस येत नाही, आणि ही दहा मिनिटांत हजर! तरुण डॉक्टर उतरला, मागून स्ट्रेचर घेऊन गोरख ड्रायव्हर. मी दाराला पाठ लावून उभा राहिलो.

"बाजूला व्हा काका, पेशंट सीरियस आहेत!"

"पेशंट नाहीत! आत कुणी नाही!"

"मग कुलूप कशाला?"

याला उत्तर होतं, पण ते दही या शब्दानं सुरू होत होतं, आणि बावीस महाडकर तोंडाकडे बघत होते. शेवटी दादानंच, माझ्या सख्ख्या भावानं, माझ्या रेनकोटात हात घालून किल्ली ओढली!

दार उघडलं. गोरख आत झेपावला आणि पहिल्याची माकडटोपी धरून म्हणाला, "आजोबा, घाबरू नगा, आमी आलोय!" टोपीबरोबर झाकणही हातात आलं. गोरखनं आत डोकावून पाहिलं. मग डॉक्टरकडे पाहिलं. मग पुन्हा आत.

"डॉक्टर, ह्ये तर दूद हाय!"

शेगडीतला कोळसा तेवढा फुटला.

अहो, गंमत म्हणजे, ज्या चौथ्याची मी आशा सोडली होती, तो लागला होता! शेगडीजवळचा तोच होता ना, वर गार लागला तरी तळाला ऊब धरून होता! काय दही सांगू! मी ओरडलो, "त्याला हलवू नका!" पण डॉक्टर कर्तव्यदक्ष. त्यानं तोवर स्वेटर धरून त्याला उचललाच. झाकण सुटलं आणि दहा लिटर उत्तम दही डॉक्टरच्या बुटांवर, माझ्या गमबुटांवर आणि स्ट्रेचरवर!

मग मला सगळ्यांसमोर ते वाक्य म्हणावंच लागलं. "घरात कुणी आजारी नाही. श्रीखंडासाठी दही लावलं होतं. ते लागलं नाही."

"आणि या गोधड्या?" मुलाच्या वडिलांनी विचारलं. त्यांच्या अंगावर स्वयंपाकघराचा पडदा होता. "आम्ही एका सतरंजीखाली रात्रभर कुडकुडलो, तेव्हा या अकरा गोधड्या दुधाला?"

मी मान हलवली. पुढच्या क्षणी सगळे महाडकर खोलीत घुसले आणि ज्याच्या हाताला जी गोधडी लागली ती त्यानं अंगावर ओढली. काही ओल्या होत्या, पण कुणी मागं पाहिलं नाही. डॉक्टर बूट झटकत निघून गेला. गोरखला पद्मजानं चहा दिला.

वाटलं, संपलं. पण आत्याबाई तिथंच उभ्या! रेनकोट, गमबूट, कानाला ओढणी, हातात थर्मामीटर, असं माझं ध्यान त्यांनी डोक्यापासून पायापर्यंत तपासलं.

"घरात आजारी कुणी नाही, हे पटलं," त्या सावकाश म्हणाल्या. "पण दुधाला स्वेटर घालून त्याचा ताप बघणारा माणूस... मला जरा काळजी वाटते. असलं डोक्याचं काही असेल, तर ते आनुवंशिक असतं हो. हे मुलीचे कोण? सख्खे काका?"

सगळ्यांच्या नजरा दादाकडे. दादानं माझ्याकडे पाहिलंसुद्धा नाही.

"छे छे! चुलत! लांबचा!"

"चुलत म्हणजे रक्त एकच की."

"दत्तक आहेत ते," पद्मजा म्हणाली. माझी बायको! तेहतीस वर्षांचा संसार!

मी खवळलो. एका आईच्या पोटी जन्मलो आम्ही, एका ताटात जेवलो, आणि एका श्रीखंडापायी मी दत्तक? असं ठणकावून सांगायला तोंड उघडलं, तर दारात मैथिली दिसली. तिनं नुसते हात जोडले. हिला मी खांद्यावर बसवून जत्रा दाखवली होती हो!

"खरं आहे," मी म्हणालो. "लहानपणीच आणलंय मला. वेल्ह्याच्या पलीकडून."

"तरीच," आत्याबाई म्हणाल्या. "आता बघितलं की कळतं. चेहरा कुणाशीच मिळत नाही!"

पाच वाजता साखरपुडा झाला, गोधड्या पांघरून. पंगतीला बाजारचं श्रीखंड होतं आणि आत्याबाईंनी ते तीनदा मागून घेतलं.

कालच लग्नपत्रिकेचा मसुदा आला. दादाच्या नावाखाली सगळे काका, मामा, आत्या, मावश्या ओळीनं आहेत. माझं नाव अगदी शेवटी, 'स्नेही' म्हणून. माझ्याखाली फक्त 'कृपया आहेर आणू नये'!